वेबसाइट कशात बनवायची? वर्डप्रेस, ड्रुपल, विक्स आणि ती फीडची भानगड

सध्या सोलापुरात कुणीही वेबसाइट करायची म्हटलं की तीन कोटेशन येतात आणि तिन्हींची भाषा वेगळी. एक म्हणतो वर्डप्रेसमध्ये करून देतो, दुसरा म्हणतो वर्डप्रेस हॅक होतं साहेब, आम्ही कस्टम कोडिंग करतो, म्हणजे सगळं स्वतःच लिहून देतो, तिसरा विक्सवर दोन दिवसांत उभी करतो म्हणतो, आणि ज्याला खरंतर फक्त वाचनालयाचे कार्यक्रम किंवा नवी पेठेतल्या दुकानातला माल लोकांपुढं ठेवायचाय तो बिचारा शेवटी सगळ्यात स्वस्त कोटेशन उचलतो. त्यात २०२४ मध्ये वर्डप्रेसवाल्यांचं भांडण कोर्टात गेल्याच्या बातम्या आल्या, मग "वर्डप्रेस बंद पडणार का ओ?" हे पण सुरू झालं. बंद नाही पडणार, का ते खाली येतंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठलं साधन भारी यावर वाद घालण्यापेक्षा, उद्या ते सोडायची वेळ आली तर आपलं सगळं सामान घेऊन बाहेर पडता येतं का आणि चाव्या कुणाच्या खिशात आहेत, एवढं बघितलं तरी निम्म्याहून जास्त फसवणूक टळते. कारण आपल्याकडं नेहमीचं काय होतं, साइट बनवणारा पोरगा वर्षभरात हिंजवडीला जॉबला लागतो आणि साइट त्याच दिवशी गोठते.

सीएमएस म्हणजे नक्की काय

पूर्वी वेबसाइटचं प्रत्येक पान एक वेगळी फाइल असायची. फोन नंबर बदलला की पन्नास फाइल्स उघडा आणि पन्नास ठिकाणी बदला. यावर उपाय म्हणून कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम आली, तिलाच सगळे सीएमएस म्हणतात. तिच्यात तुमचा मजकूर एका जागी साठवलेला असतो, पान दिसायला कसं असेल ते दुसऱ्या जागी लिहिलेलं असतं, आणि कुणी साइट उघडली की सॉफ्टवेअर दोन्ही जुळवून पान तयार करून देतं.

सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. चादरीच्या मागावर जॅकार्ड असतो, त्याची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं ठरवतात कुठला धागा वर उचलायचा. सूत तेच, माग तोच, कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलते. मजकूर म्हणजे सूत, थीम म्हणजे कार्डं आणि सीएमएस म्हणजे माग. थीम बदलली म्हणून बातम्या परत टाइप कराव्या लागत नाहीत. आणि "कस्टम कोडिंग" मध्ये नेमकं इथंच बघायचं असतं, कारण बरेच जण सूत आणि नक्षी एकमेकांत असं गुंतवून देतात की पुढं साधी ओळ बदलायलाही त्यांनाच फोन करावा लागतो. सगळेच असं करत नाहीत, पण विचारून घ्या.

कुणाचा स्वभाव कसा

वर्डप्रेस हे असंच एक सीएमएस, २००३ साली आलं, मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी२ नावाच्या रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरची प्रत घेऊन पुढं वाढवलं. आज जगातल्या दर १० वेबसाइटमागं ४ च्या आसपास यावर चालतात. त्यामुळं याचा खरा फायदा फीचर्सचा नाहीच, फायदा हा की एक डेव्हलपर गेला तर दुसरा मिळतो, सोलापुरात पण मिळतो. तोटा पण त्यातूनच येतो, प्रत्येक गोष्टीला प्लगइन, प्लगइन म्हणजे वरून जोडायचा सॉफ्टवेअरचा तुकडा, आणि लोक तीस-तीस प्लगइन टाकून ठेवतात, मग साइट रांगत चालते.

इथं एक घोळ हमखास होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्ग वरून सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेऊन आपल्या होस्टिंगवर टाकायचं, आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची सेवा आहे, तिथं त्यांच्याच जागेत साइट बनते आणि तुमचा प्लॅन असेल तेवढंच करता येतं. होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा. कोटेशनमध्ये नुसतं "वर्डप्रेस" लिहिलेलं असेल तर यातलं कुठलं ते लिहून घ्या.

ड्रुपल बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांचं, २००१ पासून. शिकायला अवघड, पण वेगवेगळ्या प्रकारची माहिती, विभागवार परवानग्या, कोण लिहिणार कोण तपासणार, असला पसारा असेल तर याला तोड नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत साइट पाहिजे, जी गरज आपल्या शहरात अगदी खरी आहे, तर ड्रुपलमध्ये बहुभाषिक सोय मुळातच आहे. वर्डप्रेसला त्यासाठी पॉलिलँग नाहीतर डब्ल्यूपीएमएल असलं प्लगइन लागतं. पण ड्रुपलची मोठी आवृत्ती बदलली की काम निघतं. ड्रुपल ७ चा अधिकृत सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि त्यापुढं जायचं म्हणजे साइट जवळजवळ नव्यानं बांधण्यासारखं. छोट्या संस्थेनं या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं, मग डेव्हलपर कितीही आग्रह करो.

जूमला या दोघांच्या मधलं. २००५ ला मॅम्बो नावाच्या सीएमएसमधून फुटून निघालं, बहुभाषिक सोय यातही आहे, पण आता जाणकार माणूस शोधावा लागतो.

विक्स आणि स्क्वेअरस्पेस यांचा प्रकार वेगळा. इथं सॉफ्टवेअर, होस्टिंग, अपडेट सगळं त्यांचं, तुम्ही महिन्याचे पैसे भरायचे आणि माउसनं ओढून पान बनवायचं. दिसायला झकास, डोक्याला ताप नाही. पण विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, सोडायचं ठरलं तर नव्यानं बांधायची. स्क्वेअरस्पेस मजकुराचा बराचसा भाग वर्डप्रेसला चालेल अशा फाइलमध्ये देतं. गुगलचं ब्लॉगर तर फुकट आहे आणि सगळ्या पोस्टची फाइल पण देतं, एकट्यानं लिहिणाऱ्याला मी अजूनही तेच सांगतो, फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःचं जोडा.

घोस्ट हे २०१३ चं, लेख आणि ईमेल न्यूजलेटर एकत्र चालवणाऱ्यांसाठी सुटसुटीत, पण ते नोड जेएस नावाच्या वेगळ्या यंत्रणेवर चालतं, साध्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, सहसा बसत नाही. ह्युगो आणि जेकिल यांच्यात डेटाबेसच नाही, म्हणजे मजकुराचं वेगळं कोठारच नाही, पानं आधीच तयार करून ठेवायची आणि कुणी मागितली की नुसती वाढायची, त्यामुळं वेगवान आणि हॅक व्हायला जागाच कमी, पण लिहिणाऱ्याला साध्या टेक्स्ट फाइल्सची सवय पाहिजे. संस्थेच्या क्लार्कच्या हातात हे देऊ नका.

फीड म्हणजे काय, आणि ते का विचारायचं

सीएमएस मजकूर ठेवतं. तो तुमच्या साइटबाहेर पोचवायचं काम म्हणजे सिंडिकेशन, आणि ते चालतं फीडवर. फीड म्हणजे तुमच्या साइटवरच्या ताज्या मजकुराची एक यादी, शीर्षक, तारीख, लिंक आणि थोडा किंवा पूर्ण मजकूर, ठरलेल्या साच्यात लिहिलेली, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती आपोआप वाचता येते. माणसासाठी ती नसतेच, उघडलीत तर नुसत्या कंसांचा गुंता दिसेल, घाबरू नका.

यातला सगळ्यात जुना साचा आरएसएस, नेटस्केप कंपनीनं १९९९ मध्ये काढला, मग त्याच्या आवृत्त्यांवरून बरीच मारामारी झाली आणि २००२ ची २.० आवृत्ती टिकली. त्या गोंधळाला कंटाळून ॲटम आलं, त्याचं प्रमाण डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१७ ला जेसन फीड पण आलं. तुम्हाला यातलं निवडत बसायची गरज नाही, फीड वाचणारी सॉफ्टवेअरं आरएसएस आणि ॲटम दोन्ही वाचतात.

उपयोग बघा. समजा एका शिक्षण संस्थेच्या शाळा बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट आणि सोलापूर शहरात आहेत, प्रत्येकीची साइट वेगळी, आणि मुख्य कार्यालयाला सगळ्यांच्या बातम्या एका पानावर पाहिजेत. आपल्याकडं हे काम एक क्लार्क करतो, व्हॉट्सॲपवर फोटो मागवायचे, मजकूर परत टाइप करायचा, आठवडाभर उशीर. तेच प्रत्येक शाळेच्या साइटचं फीड मुख्य साइटला जोडलं की बार्शीच्या मॅडमनी बातमी टाकली की थोड्या वेळात मुख्य पानावर शीर्षक आपोआप येतं, क्लिक केलं की बार्शीच्या साइटवर जातं. आणि गंमत म्हणजे शाळांनी वेगवेगळे सीएमएस वापरले तरी बिघडत नाही. बार्शीचं वर्डप्रेस असू दे, अक्कलकोटचं ब्लॉगर, मुख्य कार्यालयाचं ड्रुपल, साचा एक असला की झालं. म्हणून मी म्हणतो की "सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घ्या" असा संस्थेचा हुकूम काढायच्या आधी फीडचा विचार करा.

बनवण्याच्या बाबतीत साधनांत मोठा फरक नाही. वर्डप्रेसमध्ये फीड आपोआप असतं, साइटच्या पत्त्यापुढं स्लॅश देऊन इंग्रजीत फीड लिहा, उघडतं, आणि प्रत्येक कॅटेगरीचं वेगळं पण मिळतं. ब्लॉगर, घोस्ट, जूमला, ह्युगो सगळ्यांत आहे, विक्समध्ये ब्लॉगपुरतं. कस्टमवाल्याला मात्र सांगितल्याशिवाय तो करत नाही. दुसऱ्याचं फीड आत घ्यायच्या बाबतीत फरक पडतो. वर्डप्रेसमध्ये आरएसएस ब्लॉक आहे तो नुसती शीर्षकं दाखवण्यापुरता बरा, बाहेरचा मजकूर साठवायचा असेल तर प्लगइन लागतं. ड्रुपलचं फीड्स मॉड्यूल, म्हणजे त्यांच्याकडचं प्लगइनच, इथं खरंच ताकदवान आहे, आलेल्या यादीतली कुठली गोष्ट आपल्याकडच्या कुठल्या रकान्यात जाईल ते ठरवता येतं. आणि नुसतं एकत्र वाचायचंच असेल तर सीएमएसची पण गरज नाही, फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचायच्या सेवांवर खातं काढा, नाहीतर स्वतःच्या सर्व्हरवर फ्रेशआरएसएस टाका.

"पण आरएसएस तर मेलं ना?"

गुगलनं त्यांचा फीड वाचायचा रीडर १ जुलै २०१३ ला बंद केला तेव्हापासून हे ऐकतोय. मेलं ते एक दुकान, साचा नाही. तुम्ही ॲपवर पॉडकास्ट ऐकता ना, त्यातला जवळजवळ प्रत्येक पॉडकास्ट आतून आरएसएसवरच येतो. युट्यूबच्या प्रत्येक चॅनेलला फीड आहे. न्यूजलेटरची सॉफ्टवेअरं फीड वाचून आपोआप ईमेल काढतात. वापरणाऱ्याला ते दिसत नाही एवढंच.

"फेसबुक पेज आहे, व्हॉट्सॲप आहे, साइट कशाला?"

हा आक्षेप मला निम्मा पटतो. फक्त टॉवेल आणि चादरी विकणारं एक दुकान आहे, वेळ, पत्ता, फोन आणि चार फोटो दाखवायचेत, तर गुगल मॅपवरची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुरतं, त्याला सीएमएस घेऊन द्यायचं म्हणजे वर्षाचा खर्च आणि अपडेटची कटकट गळ्यात मारणं. पण गड्ड्याच्या जत्रेची माहिती दरवर्षी साठवणारी समिती, शहरातल्या बातम्या देणारा पोर्टलवाला, जुने अंक जपणारं वाचनालय यांचं वेगळं आहे. फेसबुकवर तीन वर्षांपूर्वीची पोस्ट शोधून दाखवा म्हटलं तर पेज चालवणाऱ्याला पण सापडत नाही, आणि पेज हॅक झालं तर दाद मागायला जायचं कुठं? मजकूर आपल्या डोमेनवर ठेवा आणि तिथून लिंक सगळीकडं जाऊ द्या. टेलिग्राम वगैरेला फीडवरून आपोआप जाते, व्हॉट्सॲपवर बहुतेक हातानंच टाकावी लागते, टाकायची.

"फीड दिलं की लोक मजकूर चोरतात"

चोरतात. फीड नसलं तरी चोरतात, कॉपी-पेस्टला काही लागत नाही. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा का थोडा उतारा ते ठरवता येतं, बातम्यांच्या पोर्टलनं उतारा द्यावा, संस्थांनी बिनधास्त पूर्ण द्यावा. आणि फीड खुलं आहे म्हणजे दुसऱ्याला पूर्ण लेख स्वतःच्या नावानं छापायचा परवाना मिळाला असं अजिबात नाही, कॉपीराइट लिहिणाऱ्याकडंच राहतो. हेच उलटं आपल्यालाही लागू, दुसऱ्याचं फीड घेतलं तर शीर्षक आणि लिंक दाखवा, अख्खा लेख उचलायचा असेल तर विचारा.

"वर्डप्रेस हॅक होतं म्हणे"

होतं, पण बहुतेक वेळा दार उघडं ठेवलेल्या जुन्या प्लगइनमधून, नाहीतर कुठूनतरी फुकट उतरवलेल्या चोरीच्या थीममधून. छोटे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप होतात. आणि दुसरे धुतल्या तांदळाचे आहेत असं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमध्ये असं एक भगदाड सापडलं की त्यांच्याच सुरक्षा टीमनं सांगितलं, घोषणेनंतर ७ तासांत दुरुस्ती केली नसेल तर साइट हॅक झालीच असं समजा. कस्टम कोडचं तर भगदाड शोधून सांगायला पण कुणी नसतं. तेव्हा कोटेशनमध्ये "अपडेट कोण करणार, कधी, किती पैशात" ही ओळ नसेल तर ते कोटेशन अर्धवट आहे.

मग ते कोर्टाचं काय

सप्टेंबर २०२४ मध्ये मुलनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या मोठ्या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका केली, ट्रेडमार्कच्या वापरासाठी उत्पन्नाचा ८ टक्के वाटा मागितला, आणि वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून त्या कंपनीला अपडेट मिळणं अडवलं. कंपनी ऑक्टोबरमध्ये कोर्टात गेली. त्याच महिन्यात कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइन डॉट ऑर्गवर परस्पर नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं. डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या कोर्टानं कंपनीच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. सोलापूरच्या साइटवाल्याला यातून घ्यायचं ते एवढंच की सॉफ्टवेअर खुल्या परवान्याचं आहे, ते कुणीही घेऊन पुढं चालवू शकतो, वर्डप्रेस आणि जूमला स्वतःच तसे जन्मले, म्हणून ते बंद पडत नाही. पण अपडेट ज्या दारातून येतात ते दार मात्र मोजक्या लोकांच्या हातात आहे, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं.

मराठीचे दोन वेगळे त्रास

पहिला त्रास फॉन्टचा. आपल्या प्रेसमध्ये पत्रिका, अंक, अहवाल अजूनही श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. तो मजकूर तसाच उचलून साइटवर टाकला की अक्षरांची रांगोळी होते, आणि साइटवर तोच फॉन्ट बसवून ती झाकली तरी फीडमध्ये परत उघडी पडते कारण फॉन्ट फीडबरोबर जात नाही, गुगललाही तो मजकूर शोधता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारखी चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलूनच टाकायचं, त्याला पर्याय नाही.

दुसरा पत्त्याचा. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस लिंकही मराठीत बनवतं, आणि आतून प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला, काना-मात्रा सुद्धा धरून, ९ इंग्रजी चिन्हं लागतात. मर्यादा २०० ची. म्हणजे जेमतेम २२ चिन्हांत पत्ता तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलात की टक्क्यांच्या खुणांची ती लांबलचक शेपटी दिसते ना, ती हीच. शीर्षक मराठीतच ठेवा, लिंक मात्र रोमन अक्षरांत दोन-तीन शब्दांत हातानं लिहा, प्रकाशित करायच्या आधी.

चाव्या

डोमेन संस्थेच्या ईमेलवर नोंदवलेलं पाहिजे, डेव्हलपरच्या किंवा अध्यक्षांच्या पुतण्याच्या ईमेलवर नको. होस्टिंगचं लॉगिन, सीएमएसचं ॲडमिन खातं पण तसंच. पहिल्या वर्षी डोमेन स्वस्त दिसतं, दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारा, आणि रिन्यूअलचा ईमेल कुणाला येतो ते बघा, कारण तो कुणीच न बघितल्यामुळं चालू साइट बंद पडणं ही लई सामान्य गोष्ट आहे.

आहे ती साइट हलवायची असेल तर

वर्डप्रेसमधून बाहेर काढलेली फाइल ही खरंतर वाढवलेलं आरएसएसच असतं, सगळ्या पोस्ट आणि पानं त्यात येतात, पण फोटो येत नाहीत, फक्त फोटोंचे पत्ते येतात. नवी साइट जुन्या साइटवरून ते फोटो ओढून घेते. म्हणून फाइल मिळाली म्हणून जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद केलं तर लेख राहतात आणि फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. आधी नवीकडं सगळं आलंय ते तपासा, जमलं तर अपलोडचं, म्हणजे फोटोंचं, फोल्डर आणि डेटाबेस वेगळा उतरवून ठेवा, मग जुनं सोडा. जुन्या लिंका नव्या लिंकांकडं कायमच्या वळवून घ्या, फीडचा पत्ताही त्यात धरा. प्रत्येक पोस्टला फीडमध्ये एक कायमची ओळख दिलेली असते, हलवाहलवीत ती बदलली तर वाचणाऱ्यांच्या ॲपमध्ये जुन्या पोस्ट परत नव्या म्हणून येतात. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात १० च पोस्ट असतात, तेव्हा एकदा दहा जुन्या बातम्या परत दिसतील, लोक दुर्लक्ष करतात. पॉडकास्ट असेल तर मात्र सगळे भाग दोन-दोनदा दिसू शकतात, त्यामुळं ते काम डेव्हलपरला वेगळं लिहून द्या.